लाल पेन्सिलीतली कोरडी विहीर

मंगळवार, राहू गाव, दिवेलागण

शिरूरला चपला घ्यायला गेलो आणि रद्दीवाल्याकडंच रमलो. तिथं सरकारी पाणी-पाहणीची नोंदवही सापडली, आईच्याही जन्माआधीची. कुठल्या विहिरीत मुरूम, कुठल्या विहिरीत काळा खडक, सगळं लिहिलेलं. मामाच्या मळ्यातल्या विहिरीपुढं लाल पेन्सिलीत शेरा: कोरडी. चपला राहिल्याच.

मामा उद्या बोअर मारणार होता. जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ लिंबाजवळ उभा राहिला, आणि बोअरची गाडी लावायची तर लिंब पाडायला लागणार. त्याच लिंबाखाली आबांची, म्हणजे मामाच्या वडलांची, खाट असते. मी वही दाखवली. मामा म्हणाला, "विहीर कोरडी हाय म्हनून तर लिंब पाडतोय."

खाटेवर आबा हसायला लागले. "पाहनीचा सायेब आला तवा माझ्या बापानं विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या आन् कोरडी सांगितली. पानी दिसलं तर शेतसारा वाढंल, म्हनून."

"आन् तुम्ही कवाच बोलला न्हाई?" मामा म्हणाला.

"तू कवा इचारलं?"

विहिरीभोवती आता बाभळीचं रानच माजलंय. मामा आणि मी कसेबसे आत शिरलो. मी दगड सोडला. डुबुक. मामानं खात्रीसाठी आणखी एक टाकला, मग उगाच तिसरा. तिथूनच बोअरवाल्याला फोन: "उद्या येऊ नका."

मी त्या लाल शेऱ्यावर काट मारली. खाली काय लिहावं? सुचेना.

लिंबाखाली मामा सुईनं माझ्या पायातले काटे काढत होता. आबा वाकून बघत म्हणाले, "आरं, चपला आनायला गेलावतास ना?"