कर्जाच्या फॉर्मवर लिहिलेलं

ती. आईस,
वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

घराचं कर्ज मंजूर झालं, पण रागावू नकोस. पगारावर अवलंबून असलेली माणसं कमी तर कर्ज जास्त, म्हणून फॉर्मवर मी 'कोणी नाही' लिहिलं. बाबा नुकतेच गेल्याचं बँकेतल्या बाईंना ठाऊक होतं. त्या हळूच म्हणाल्या, "अरेरे, आणि आई? त्याही नाहीत?" मी खाली बघत "नाहीत" म्हणालो. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि मी ते प्यायलो.

तेव्हापासून तुला फोन करायला तोंड नाही.

सोमवारी जाऊन खरं लिहून देतो. मग एकाच खोलीचं घर परवडेल. माझ्या घोरण्यासकट चालेल ना तुला?

तुझा,
धाकटा