एंगलबर्टने घरचं सफरचंद खाल्लं

ती. वन्संना फिलोमेनाचा सा. नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का, ते कळवा. आज तुमच्या भावाचं कौतुक लिहायचंय, तेव्हा कॉफी जवळ घेऊन बसा.

तुम्हाला ठाऊकच आहे, सहा हेक्टर सफरचंदांचा हा धनी! पण बर्चच्या झाडांच्या परागांनी शिंका सुरू झाल्या आणि तेव्हापासून बावीस वर्षं एक फोड खाल्ली तरी ओठ सुजायचे, घसा खाजायचा. तोडणी संपली की शेवटच्या पेटीतलं फळ घरधन्याने चावायचं, ही इथली रीत. ह्यांना ते शेजारच्या कॉर्बिनियनला द्यावं लागायचं. आणि तो मेला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय मालक, तुमचं सफरचंद तुम्हालाच चावतं का?" हे हसायचे, आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आपणहून दवाखान्यात गेले (मी ढकललं नाही, तुमची शपथ). डॉक्टरांनी आपल्या डोळ्यांदेखत लाल गराच्या, कमी त्रास देणाऱ्या सफरचंदाचा कण खायला दिला. मग रोज खायचं, ते सांगतील तसं वाढवायचं, पुढे बाजारातल्या नेहमीच्या जाती. वन्सं, पडशाचं औषध दोन दिवस न घेणारा माणूस आठ महिने रोज सकाळी फोड तोलून खात होता! जीभ खाजली की माझा हात घट्ट धरायचे (बोटं अजून दुखतात), पण हूं की चूं नाही. असा नवरा मिळाला, मला फार अभिमान वाटतो.

काल शेवटची पेटी भरली. कॉर्बिनियनने सवयीने हात पुढे केला. ह्यांनी फळ बाहीला पुसलं आणि कचकन चावलं. सबंध संपवलं! ओठ जागच्या जागी, डोळ्यांत मात्र पाणी. कॉर्बिनियनने टोपी काढली, "जिंकलास, बाबा." मी तर सगळ्यांदेखत रडले.

तुमची भावजय,
फिलोमेना

ता. क. परतताना ट्रॅक्टरवर हळूच म्हणाले, "फिलोमेना, ह्याला चवच नाही गं! इतकी वर्षं लोकांना हे विकतोय मी?" मामंजींची जुनी झाडं उपटून ही जात ह्यांनीच लावली होती. चाखता येत नव्हतं, म्हणून नुसता रंग बघून.

आणखी एक. सवय मोडू नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक खायला सांगितलंय. मामंजींनी दिलेलं जुन्या जातीचं झाड तुमच्या अंगणात आहे ना? डॉक्टरांना विचारलंय, ते चालेल म्हणाले. एक पेटी पाठवा. वर मोठ्या अक्षरात 'बटाटे' लिहा. चौकातून सामान कॉर्बिनियनच आणून देतो.