मोकळ्यावर बारा व्होल्ट

उस्ताद, तुम्ही गेलात तेव्हा सांगलीत टीव्हीसुद्धा आला नव्हता. त्यामुळे मी कशाबद्दल लिहितोय हे आधी समजावून सांगायला हवं. माझ्या मुलाकडे कॉम्प्युटर आहे. तो विश्रामबागला खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकतो आणि अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या त्या यंत्रावर मोटारी पळवायचे खेळ खेळतो. यंत्राच्या पोटात पत्र्याचा एक डबा असतो. भिंतीतली वीज आत घ्यायची, तिचे पाच आणि बारा व्होल्ट करायचे आणि बाकीच्या भागांना वाटायचे, एवढंच त्याचं काम. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर मोठा एलिमिनेटर. तो डबा बिघडला, दुसरा निवडायचा होता. एवढ्याशा कामात माझ्या मनाला जी आग लागली ती अजून विझलेली नाही, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी मला आठवत नाही. घरी सांगितलं तर हसतील.

मी जळतोय तो माझ्या जोडीला शिकलेल्या त्याच्यावर. तुमच्याकडे रेडिओदुरुस्ती शिकायला आम्ही दोघंच होतो. मी जतकडचा, बापाची मेंढरं सोडून आलेला, रात्री दुकानातच अंथरूण टाकणारा. तो मिरजेचा, रोज सायकलला डबा अडकवून येणारा. पुढे मी साताऱ्याला जाऊन लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा धरला. लग्न, भजन, जत्रा, यात माझी वर्षं गेली आणि बरी गेली, देवाच्या कृपेनं. त्यानं सांगलीतच राहून रेडिओ सोडला, टीव्ही धरला, टीव्ही सोडून कॉम्प्युटर धरला. माझ्या मुलानं यंत्र घेतलं ते नेमकं त्याच्याच दुकानातून. मीच पत्ता दिला होता, ओळखीचा आहे म्हणून. आता सुट्टीत घरी आला की पोराच्या तोंडात काका. काका म्हणाले घराचं अर्थिंग बघून घ्या. काका म्हणाले स्टॅबिलायझर चांगला घ्या. अर्थिंग मी स्वतःच्या हातानं केलंय, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून. पण काका म्हणाले म्हणून पोरगं त्यावर दोन तांबे पाणी ओतून येतं. त्याची आई भाकरी थापता थापता माझ्याकडे बघते आणि मान खाली घालून हसते.

पावसाळा संपता संपता मुलाचा फोन आला. खेळातली चित्रं चांगली दिसावीत म्हणून त्यानं यंत्रात एक नवं कार्ड बसवलं होतं आणि तेव्हापासून मोटार घाटाच्या वळणावर आली की पडदा काळा व्हायचा, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. काका म्हणतात पॉवर सप्लाय बघावा लागेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, काकांना राहू दे, मी येतो. पिशवीत मीटर टाकलं आणि सकाळची एसटी धरली. त्याच्या खोलीत यंत्र उघडलं, डब्याच्या सगळ्या वायरी काढून घेतल्या आणि मोजलं. बारा व्होल्ट. चोख बारा. डबा ठणठणीत आहे, दोष तुझ्या खेळात आहे, असं मी सांगितलं. त्यानं वायरी जोडल्या, खेळ लावला. मोटार घाटाला लागली आणि पडदा काळा झाला. पोरगं स्क्रू काढून डबा सोडवायला बसलं. उलटून बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. स्पीकरच्या धंद्यात मी कानानं ओळखतो, हातानं ओळखतो, मीटर फारसं लागत नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही. आम्ही तो डबा घेऊन त्या काकांच्या दुकानाकडे चालू लागलो.

दुकान मोठं आहे, उस्ताद. काचेचं दार आहे. तो उठून पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. मग त्यानं काउंटरवर दोन डबे ठेवले आणि म्हणाला, "तूच निवड गड्या. पोरगं तुझं हाय." मी दोन्ही डबे दोन हातांत घेतले. एक हलका होता, दुसरा चांगला भरीव. त्या क्षणी मी काउंटरपुढे नव्हतोच. मी तुमच्या बाकड्यापुढे उभा आहे, नुकताच आलेला, कुणाशी न बोलणारा. तुम्ही माझ्या दोन हातांत दोन ट्रान्सफॉर्मर देता आणि विचारता, तांबं कशात जास्त? मी कोकरू जोखावं तसे ते जोखतो आणि डावा पुढे करतो. तुम्ही हसून म्हणता, मेंढरं धरून धरून याचा हात तयार झालाय. आदल्याच दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या रेडिओची तार जाळली होती आणि हात हाय का खुरपं, असं तुम्ही सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्यावर हे बोलणं. एवढी वर्षं ते मी जपलंय. साताऱ्यात ॲम्प्लिफायर घेताना दुकानदार काही सांगो, मी आधी हातात घेऊन बघतो.

मी जड डबा पुढे केला. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "अरं, अजून मेंढरंच जोखतोस व्हय," म्हणाला आणि स्क्रू काढून त्यानं झाकण उचललं. आत तळाला एक जाड लोखंडी पट्टी बसवलेली होती. कशालाही जोडलेली नाही, नुसती वजनाला. वजन बघून घेणारी माणसं आहेत म्हणून बनवणारे असं करतात म्हणे. हा डबा तो विकत नाही, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलाय. मग मला निवडायला का दिला, हे मी विचारलं नाही. मुलगा पट्टीकडे बघत होता आणि मी मुलाकडे.

मग त्यानं आमच्या जुन्या डब्याला मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब जोडला, आणि बल्ब पेटलेला असताना मीटर लावलं. माझे चोख बारा व्होल्ट खाली घसरत दहाच्या आसपास आले. हलक्या डब्याला तोच बल्ब जोडला, तर काटा जागचा हलला नाही. मुलाला समजावत तो म्हणाला, "आमचं उस्ताद म्हणायचं, मोकळ्यावर मोजू नगंस. आधी बोजा टाक, मग मीटर लाव."

मी हे तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. मी विचारलं, हे कधी सांगितलं त्यांनी? तो सहज म्हणाला, "तू बिरोबाच्या जत्रेला गेलतास बघ. दुकानात आमी दोघंच. एलिमिनेटरला दिवा लावून दाखवलं हुतं."

उस्ताद, मी दर वर्षी जत्रेला जायचो. तुम्हीच रजा द्यायचा आणि परत आलो की कपाळाला भंडारा लावून घ्यायचा. मला वाटायचं, मी देवापाशी असताना इथलं काम जागच्या जागी थांबलेलं असतं. आता कळतंय की दर वर्षी ते दिवस त्याचे होते. तुम्ही आणि तो, दुकानात दोघंच. आणखी काय काय सांगितलंत? मी आल्यावर मला पुन्हा का सांगितलं नाहीत? विसरलात, की मला हाताचंच पुरेसं आहे असं वाटलं? त्या दुकानात उभा असताना माझ्या मनात आलं की जत्रेला गेलो नसतो तर बरं झालं असतं. जन्मात पहिल्यांदा असं मनात आलं. रात्री साताऱ्यात देवापुढे बसलो तेव्हा ते तोंडानं कबूल करायलाही जमेना.

हलका डबा आम्ही घेतला. यंत्रात बसवण्याआधी, तिथं काउंटरवरच, मी खिशातली पुडी काढून त्याला भंडारा लावला. मुलगा लाजून दाराकडे बघू लागला. काउंटरपलीकडून त्यानं मात्र पूर्वीसारखंच कपाळ पुढे केलं. मी लावला. मग मुलगा रिक्षा बघायला बाहेर गेला आणि तो जड डब्याचं झाकण परत बसवत बसला. वर न बघता म्हणाला, "एक विचारू का रं? उस्तादांच्या घरातल्या काकी तुला रोज आत जेवायला बोलवायच्या. मी भाईर बाकड्यावर डबा खायचो. आत जेवताना उस्ताद तुझ्यापाशी काय बोलायचं?"

मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. चुलीजवळचा पाट, काकींची ज्वारीची भाकरी, माझ्या ताटात न विचारता वाढलेलं पिठलं. आणि तुम्ही बोलताय. रोज त्याच्याबद्दल. त्या मिरजेच्या पोराचं डोकं बघ. एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. मला मुलगा असता तर असा असता. माझा घास तोंडात फिरतो आणि काकी तुम्हाला डोळ्यांनी खुणावतात, पण तुमचं लक्ष नसतं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "गप जेवायचे."

तो बरं म्हणाला आणि शेवटचा स्क्रू आवळला.

मोटार आता घाट पार करून जाते, असं मुलगा कळवतो. हा कागद टपालात पडणार नाही, तसा पत्ताही नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी भंडारा लावताना वाटतं, आज त्याला फोन करावा आणि सांगावं. फोन माझ्या दुकानातच आहे, हाताशी. मी करत नाही. एक दिवस तो तिकडे येईल आणि तुम्हालाच विचारील, तेव्हा तुम्ही सांगालच. तोवर ते माझ्यापाशी राहू दे.