युगांडाच्या रानासाठी भाजलेले तांदूळ

माय, माझं युगांडाला जायचं ठरलं. माघात मुंबईहून जहाज आहे. युगांडा कुठे ते तुला ठाऊक नसणार. मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं. समुद्रापलीकडे आफ्रिकेत तो मुलूख आहे. तिथल्या एका रानात बारा महिने पाऊस पडतो, झाडं कधी उघडी होत नाहीत, आणि उंच फांद्यांवर माणसाएवढी वानरं पाल्याचे बिछाने करून झोपतात. त्या वानरांचा सिनेमा घ्यायला मी चाललो आहे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तुला मुद्दाम सांगावी अशी बातमी आत्ता कुठे हाती आली.

तुझ्या माघारी मी तुझी भाजीची पाटी उचलली नाही. अमरावतीत एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहिलो, पुढे स्वतःचं दुकान काढलं. लग्नं, मुंजी, सत्कार यांचे फोटो काढण्यात दिवस चांगले चालले होते. मग अकोटचे एक शेठ दुकानात आले. त्यांचं कापसाचं एक जिनिंग अकोटला आणि दुसरं थेट युगांडात. तिकडेही कापूस पिकतो म्हणे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा घेतला होता आणि आदल्या वर्षी स्वतःच त्या रानात जाऊन वानरांची फिल्म काढून आणली होती. ती धुवायला मला दिली. मी धुतली, उजेडात धरली, तर सगळीकडे नुसती बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. वानराचं एक शेपूटही दिसेना. शेठ बघून म्हणाले, "त्याइले शेपूट नसतेच हो फोटोवाले. पण बाकीचं तरी दिसाले पायजे होतं." मग हसणं थांबवून म्हणाले की पुढच्या खेपेस नैरोबीहून गोरा फोटोग्राफर नेणार, हे आपल्या लोकांचं काम नाही. ते ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "शेठजी, मले एक पावसाळा द्या. फिल्म कोरडी ठेवून दाखवतो. नाई जमलं तं गोरा न्या."

बोललो तेव्हा डोळ्यांपुढे तू होतीस. श्रावणातली सकाळ आहे, बाहेर झिमझिम लागली आहे, आणि तू चुलीपुढे बसून लोखंडी कढईत तांदूळ भाजते आहेस. दाणा तपकिरी झाला की एक तोंडात टाकून बघतेस, कडकन वाजला तर उतरवतेस. झाकून निववतेस, फडक्यात बांधून पुरचुंडी करतेस आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्याच्या तळाशी ठेवतेस. वर कांद्याचं बी, वांग्याचं बी, झेंडूचं बी, प्रत्येकाची वेगळी थैली. झाकणाच्या कडेला मेण. दर पंधरा दिवसांनी तांदूळ पुन्हा भाजायचे, कारण तोवर त्यांनी हवेतली सगळी ओल पिऊन घेतलेली असते. मी सात वर्षांचा असेन. तू बाजाराला गेलीस तेव्हा मेण खरवडून मी तो डबा उघडला, नुसतं बघायला, आणि तसाच पडवीत विसरलो. कांद्याचं बी सगळं गेलं. तू मारलं नाहीस. म्हणालीस, "काहून उघडला रे? बियाले झोपू दे लेका. ओल लागली का ते उठते, अन् अवेळी उठलं का मरते." त्या वर्षी आपल्या मळ्यात कांदा लागला नाही. मला तेव्हा मार परवडला असता.

तर माय, फिल्मही झोपलेल्या बियासारखीच असते. चित्र तिच्यात घेतलेलं असतं पण धुवेपर्यंत दिसत नाही, आणि तोवर ओल लागली की गेलं. शेठचा चिखलदऱ्याला बंगला आहे. तिथला पावसाळा तुला सांगतो, ढग दारातून आत येतात, उशीवर शेवाळ धरतं. मृगात जाऊन मी जांभळीवरच्या काळ्या तोंडाच्या वानरांची फिल्म घेतली, तिचे दोन तुकडे केले. एक साध्या डब्यात ठेवला, दुसरा तुझ्या पद्धतीच्या. चार महिने मी तिथेच राहिलो. दुकान बंद. बायको म्हणाली, नोकरी नाही, चाकरी नाही, डोंगरावर तांदूळ भाजत बसले. बंगल्याचा खानसामा तर रोज विचारायचा, "साहेब, भात कधी शिजणार?"

दसऱ्यानंतर शेठ अमरावतीला आले. त्यांच्यासमोरच मी दोन्ही तुकडे धुतले. साध्या डब्यातल्यावर तीच जाळी. दुसरा वर काढून उजेडात धरला. वानरी बसली होती, पोटाशी पिलू, पिलाच्या कानामागचा केस न् केस मोजून घ्यावा असा. शेठनी तो तुकडा खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला. मग वळून म्हणाले, "पायाचं माप देऊन ठेवा. रानासाठी बूट करून घ्या लागतीन."

तेव्हापासून आम्ही बेत आखतो आहोत. बडनेऱ्याहून मुंबई, जहाजानं मोंबासा बंदर, पुढे रेल्वे, मग लॉरी, शेवटी चार दिवस पायी. कुठल्या झाडांना फळं कधी येतात ते शेठच्या तिकडच्या माणसांनी कळवलं आहे, म्हणजे वानरांमागे धावायचं नाही, फळांखाली दडून बसायचं. यादीत कॅमेरे दोन, हिवतापावरचं कोयनेल, मच्छरदाण्या, झाकणाचे डबे चाळीस, मेण, दोन कढया आणि दोन मण तांदूळ. त्या तांदळापुढे शेठनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'खाण्याचे नाहीत'. गोऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

हे पत्र तुझ्या हयातीतही मी टाकलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि आता लिहितो ते तू परक्याच्या तोंडून ऐकावंस असं मला वाटत नाही. त्या दिवशी खिडकीशी शेठनी विचारलं, ही विद्या कुठं शिकलात. आणि मी, एवढा जिंकलेला माणूस, म्हणालो की एका इंग्रजी पुस्तकात वाचली. पुस्तकाचं नावही ठोकून दिलं. काल अकोटहून चिठ्ठी आली. ते पुस्तक शेठनी मुंबईहून मागवलं आहे, चार दुकानांत मिळालं नाही, आणखी शोध चालू आहे. उद्या सकाळच्या मोटारीनं मी अकोटला जातो आणि खरं सांगतो. ते ऐकून शेठ हसतील, मला माहीत आहे. तरी काय बोलायचं ते आतापासून घोकतो आहे.