वळणात उचललेला पाय

बारामती
सोमवार, १२ जानेवारी १९९८

नागेश यांस,

नमस्कार. हाताची सूज उतरली असेल. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. इकडे अप्पा आणि दादा ठीक आहेत.

घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. ४ तारखेला, रविवारी सकाळी, पिंपळीच्या पुढच्या वळणावर विजयदादाची मारुती झेन रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेली.
२. समोर मेंढरं आली होती. भर वळणात तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात. गाडीची मागची बाजू फिरली.
३. मेंढरू एकही दगावले नाही. तुमचे मनगट मोडले.
४. तुम्ही दादाला सांगितलेत, "मी एकटाच होतो. न इचारता नेली."
५. गाडीत मीही होते.

पाचवा मुद्दा तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुम्ही "जावा" म्हणालात आणि मी उसातून घरी आले.

दादाने तुम्हाला गॅरेजमधून काढले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जेवताना तो अप्पांना म्हणाला, "मेंढरं वळणाऱ्याच्या हातात गाडी दिली, चूक माझीच हाय." मी भाकरी वाढत होते.

गाडीच्या मागच्या चाकांमध्ये बसवलेला बार काढून तपासला. वाकलेला नाही, वेल्डिंगही शाबूत आहे. काम चोख होते. पुढची चाके ओढणारी गाडी, सगळे वजन नाकावर. जोरात वळवली की सरळच जाऊ बघते. ट्रॅकवर ती वळावी म्हणून आपण मागचे सीट काढले, मागच्या स्प्रिंगा कडक केल्या आणि हा बार बसवला. अशा गाडीला एकच पथ्य असते: वळणात शिरल्यावर पाय उचलायचा नाही. तुम्हाला ते तोंडपाठ होते. पण तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. मेंढरं दिसली की तुमचा पाय आपोआप उठतो. ते मी हिशेबात धरले नव्हते.

साखर कारखान्याच्या काट्यावर गाडीचे वजन केले तो दिवस आठवतो. काटेवाला म्हस्कू म्हणाला, "ताई, गाडी आणली, पण ऊस कुठं हाय?" तुम्ही म्हणालात, "ऊस न्हाय रं, नुसता साखरेचा उतारा काढायचाय." मी हसले ते तुम्ही पाहिलेत आणि लगेच तोंड फिरवलेत.

फेब्रुवारीत मद्रासला शर्यतीला जाणे रद्द झाले. दादा मागचे सीट परत बसवून गाडी विकणार आहे.

त्या रविवारी चाचणीला निघालो होतो असे मी घरी सांगू शकेन. दादा विश्वासही ठेवेल. पण टायरची हवा मोजायचा गेज मी घेतला नव्हता. हत्यारांची पेटी घरी होती. मी इरकली साडी नेसले होते. आपण इंदापूरला तुमच्या आईंना भेटायला निघालो होतो.

त्यांनी स्वयंपाक केला असेल. त्याचे काय झाले, मला विचारवत नाही.

गुरुवारी, २२ तारखेला, सांगवीचे लोक सुपारी फोडायला येणार आहेत. मुलगा इंजिनिअर आहे. त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखे काही नाही. तुम्ही आपल्या लग्नाला हो म्हणालात तर त्याआधी अप्पांना पाचवा मुद्दा मी सांगेन. पुढे काय होईल ते मला माहीत आहे: या घराचे दार मला बंद होईल, दादा इंदापूरला माणसे घेऊन येईल. तरी सांगेन. नाही म्हणालात तर तुमचे खोटे मी कायम सांभाळीन.

उत्तर काय येईल याचा अंदाज आहे. तुम्ही पाय उचलाल. तरीही ते तुमच्या अक्षरात हवे आहे.

गॅरेजात तुम्ही मला ताई म्हणायचात. गाडीत बसल्यावर कधी कशानेच हाक मारली नाहीत.

बुधवार, २१ तारखेपर्यंत उत्तर मिळावे. घरी नको, माझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर फक्त नाव लिहा. ताई लिहू नका.

वैजयंता