चार दिवसांचा कागद

मुक्काम सोलापूर

वडील बंधू जोतीरामदादाच्या पायांशी धाकट्या धोंडीरामाचा दंडवत.

मी हितं खुशाल हाय. दहाही बोटं शाबूत हायत, हे आईला आधी सांग. पुढचं तिला वाचून दाखवू नको.

मला सूत सांधायला शिकवलं त्या नरसय्याची दोन बोटं मागाच्या पट्ट्यात गेली. पट्टा उसवलाय म्हणून आमी तीनदा सांगितलं व्हतं. मुकादम म्हणायचा, "बघू की." नरसय्याला दवाखान्यात नेलं आन् तासाभरात नवा पट्टा चढला.

कवा नावानं हाक न मारणारा मुकादम परवा म्हणला, "धोंडीरामराव, चहा घ्या." तवाच मला वास आला. चहामागनं कागद आला. "तुमी सही करा, बाकीचे अंगठा देतील."

कागदात लिवलंय, पट्टा धड व्हता, चूक नरसय्याची. सही झाली की त्याला काढायला गिरणीवाले मोकळे. मी एका दमात वाचलं, पर बोट ठेवून अक्षरं लावत बसलो. म्हणलं, "मला चार दिस लागतील." शेजारच्या मागावरचे दस्तगीरचाचा लगेच म्हणले, "धोंडी को पढने दे, बाद में अंगूठा देते." सगळ्यांनी तेच धरलं.

मुकादम रोज इचारतो, कुटवर आलं? मी म्हणतो, दुसऱ्या ओळीवर.

उद्या चौथा दिस. सही मी करणार न्हाय. हे पत्र गिरणीच्या पेटीत न टाकता टेसनावर टाकतोय.

काळी शेळी व्याली का? रानात एका माणसाचं काम निघंल का? सहज इचारतो.

तुझाच,
धोंडीराम