ओदिलबाईंना लिहिलेले पत्र

लोअर हट
१४ ऑगस्ट २०११

चि. नीलांबरीस मोरेश्वरचे घरभर पुरतील इतके आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघे इकडे जगदीशकडे सुखरूप आहोत. ऑगस्ट असून इकडे हिवाळा, सकाळी गवतावर बर्फाचा थर असतो. जगदीश सातच्या गाडीने वेलिंग्टनला ऑफिसात जातो. तुझ्या भाच्याशी, आरवशी, मी मराठीत बोलतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचेही अडत नाही. शेजारी नागपूरची धम्मदीना राहते. सरकारी कचेरीत आहे. तुझ्या आईचे तिच्याशी चांगले जमले आहे. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला दोघी जातात आणि तासाने परत येतात.

फोनवर मला वेळेवर सुचत नाही, म्हणून लिहितो. सहा वर्षे तू फ्रान्सच्या त्या कार्टूनच्या कंपनीत आहेस आणि अजून एकच चित्रपट चालू आहे. एक चित्रपट सहा वर्षे कसा चालतो? जगदीश म्हणतो, वेलिंग्टनला अशी कामे हीप्स आहेत. हीप्स म्हणजे ढीगभर म्हणे, पण ढीग किती ते सांगत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, पण कोल्हापूरच्या फौंड्रीत अडतीस वर्षे काढली. कारखाना कोणी काढला, कशावर चालतो, हे विचारल्याशिवाय माणसाने तिथे मान घालू नये. तुझ्या कंपनीची सगळी कुंडली कळव.

आईचा तुला आशीर्वाद, आणि स्वेटर घालत जा असे तिचे सांगणे. लोभ आहे तो पत्रातून दिसू दे.
तुझा बाबा

आंगुलेम
४ मार्च २०१२

तीर्थरूप बाबांना आणि आईला नीलूचा शि. सा. न.

उत्तराला फार उशीर झाला. कुंडली मागितलीत, घ्या. आमचा स्टुडिओ १९८६ साली नदीकाठच्या बंद पडलेल्या कागदाच्या गिरणीत सुरू झाला. ओदिलबाई गणिताच्या शिक्षिका, त्यांचे यजमान ल्युक व्यंगचित्रकार. दोघांनी मिळून एक संगणक आणला. एका सेकंदाच्या हालचालीला पंचवीस चित्रं लागतात, आणि तेव्हा एकेक चित्र तयार व्हायला तासभर लागायचा. म्हणजे दिवसाला एक सेकंद. पहिल्या वर्षी त्यांनी आठ सेकंदांची जाहिरात केली, त्यात कागदाची होडी होती. ओदिलबाई म्हणतात, होडी चांगली होती, पाणी मात्र साबणासारखं होतं.

पुढे मुलांच्या मालिका केल्या. एकशे वीस माणसं झाली. मग ल्युक गेले. पहिला मोठा चित्रपट पडला, पैसे घालणारे निघून गेले. आता आम्ही बेचाळीस जण आहोत. चित्रपट मिठागरात काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा आहे, त्यात संवाद एकही नाही. ती बाई मी घडवली आहे बाबा. तिचा चेहरा, मान, हात, सगळं. पण आकृती करून देऊन काम संपत नाही. ती हलायला लागली की कुठे कातडी फाटते, कुठे गाल आत जातो. म्हणून ल्युकनी नियम घालून दिला की ज्यानं आकृती घडवली त्यानं शेवटच्या दृश्यापर्यंत बसायचं, प्रत्येक दृश्य पाहायचं, दुरुस्त करायचं आणि मगच सही करायची.

तेव्हा चित्रपट पुरा होईपर्यंत मी येणार नाही. हे एकदा मनाशी धरून ठेवा म्हणजे काळजी कमी होईल. आईला सांगा, स्वेटर अंगात घालूनच लिहिते आहे.
दोघांच्या मायेवर हक्क सांगणारी,
नीलू

लोअर हट
३ फेब्रुवारी २०१३

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमची कंपनी कर्जापायी कोर्टात गेल्याचे जगदीशने संगणकावर वाचून सांगितले. तू एका शब्दाने बोलली नाहीस. त्या रात्रीपासून मला झोप नाही. आमची फौंड्री बंद झाली तेव्हा मालक म्हणाले होते, मोरेश्वर, तू थांब, पुन्हा भट्टी पेटवू. मी थांबलो. बाकीचे शहाणे वेळेवर दुसरीकडे लागले. एक दिवस सकाळी गेलो तर दाराला कुलूप, आणि साचे पाडायला मी घडवलेले आतले लाकडी पॅटर्न जळणाच्या भावाने गेलेले. त्यानंतर पन्नाशीतल्या माणसाला कोण ठेवतो? तू छत्तीसची झालीस. तुझे तसे होऊ नये.

शब्दाला शब्द वाढवत नाही. पोरीच्या भल्यासाठी बापाने जे करायचे असते ते मी केले आहे. कळेल तेव्हा रागावू नकोस. खोली तयार ठेवली आहे, खिडकीतून टेकडी दिसते.
वाट पाहणारा,
बाबा

आंगुलेम
२० एप्रिल २०१३

ती. बाबांना नमस्कार.

कोर्टानं चित्रपट पुरा करायला एक वर्ष दिलं, पण सतराच माणसं ठेवता येतील असं सांगितलं. त्या सतरांत माझं नाव पहिल्या पाचांत होतं. ओदिलबाईंनी तसं मला सांगितलंही होतं. यादी लागली तेव्हा नाव नव्हतं. मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी माझे हात धरले आणि विचारलं की वडिलांचं हृदय आता कसं आहे. मग तुम्ही त्यांना पाठवलेलं पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं की तुमचं हृदय कमजोर आहे, दिवस थोडे आहेत, मुलीला मोकळं करावं, आणि तिला हे कळू देऊ नये, कारण ती स्वतःहून निघणार नाही. त्यांना वाटलं, आपण एका मरणाऱ्या माणसावर उपकार करतो आहोत. यादी कोर्टात गेली आहे. ती आता बदलत नाही.

मी घाबरून जगदीशला फोन केला. तो म्हणाला, बाबा बागेत वाफे खणत आहेत.

भट्टीतून लोखंड ओतायच्या दिवशी तुम्हाला ताप होता, तरी तुम्ही गेला होता. आई अडवत होती. तुम्ही म्हणालात, पॅटर्न माझा आहे, साचा उघडताना मी तिथे पाहिजे. मी दहा वर्षांची होते, दारात उभी राहून ऐकत होते. त्या दिवशी कोणी तुमच्या नावानं मालकाला चिठ्ठी लिहिली असती तर?

काही दिवस मला लिहू नका.
नीलांबरी

लोअर हट
१२ मे २०१३

चि. नीलूस आशीर्वाद.

लिहू नको म्हणालीस तरी हे एक पत्र वाच. आमच्या उद्यमनगरात रीत होती. पोराला दुसरीकडे जायचे असले की तो स्वतः मालकाला बोलत नसे. बाप नाहीतर मामा जाऊन मालकाला भेटे, पोराला मोकळे करा म्हणे. काही कारण सांगे. मालकालाही कारण खरे नाही हे माहीत असे. त्याने मान राहत असे दोघांचा. ओदिलबाईंनाही तसेच कळेल असे मी धरून चाललो. त्या मला खरे मानतील हे माझ्या डोक्यातच आले नाही.

पण रीत सांगून मी सुटत नाही. रीतीत पोराची इच्छा असायची. तुझी नव्हती, आणि ते तू मला आधीच लिहिले होतेस.

पत्राचे इंग्रजी धम्मदीनाने करून दिले होते, मी सांगितले ते खरे समजून. परवा तिला सगळे सांगितले. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या हातानं खोटं लिहवून घेतलंत." उठून गेली. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही, ताट मात्र वाढते. ओदिलबाईंना खरे सांगणारे पत्र मी पाठवले आहे, या वेळी जगदीशला सगळे सांगून त्याच्याकडून लिहवून घेतले. त्यांच्या चार ओळी जगदीशच्या संगणकावर आल्या. यादी बदलता येत नाही म्हणतात. माफ केले असे लिहिलेले नाही.

लोभ ठेव असे म्हणायचा हक्क मला उरला नाही.
मोरेश्वर

लोअर हट
२२ मार्च २०१५

चि. नीलूस आशीर्वाद.

दोन वर्षे होत आली. तू आंगुलेमच्याच शाळेत शिकवतेस हे आईच्या फोनवरून कळते. तिने फोन मला दिला तर तू ठेवतेस, म्हणून मी मागत नाही.

काल वेलिंग्टनला फ्रेंच चित्रपटांच्या महोत्सवात तुमचा चित्रपट लागला होता. मी आणि तुझी आई गाडीने गेलो. धम्मदीना बरोबर आली. ती आता पुन्हा येते, पण मी काही लिहायला सांगितले तर आधी कशाला ते विचारते. मिठागरातली बाई पडद्यावर आली आणि तुझी आई रडू लागली. इतकी खरी बाई मी कधी कोणाच्या हातची पाहिली नाही. तिच्या कोपराची कातडी, कानामागची रेघ. 

शेवटाकडे ती मिठाची टोपली उचलायला वाकते. डावीकडे मान वळवते तेव्हा कानाखालची कातडी कापडासारखी गोळा होते आणि क्षणभर मान मोडल्यासारखी दिसते. मग सरळ होते. आजूबाजूला कोणाला कळले नाही, आईलाही नाही. मला कळले. साच्यावर ज्याने उभे राहायचे तो त्या दिवशी तिथे नव्हता, हे ओतलेला नग हातात घेताच आम्हाला समजे.

शेवटी नावे आली, त्यांत तुझे होते. आईने माझा हात दाबला. मला मात्र ती मानच दिसत होती. तो दोष तुझा नाही, नीलू. तो माझा आहे. माझे नाव तिथे नाही एवढेच.

उत्तर मागत नाही. एवढे तुला सांगितले पाहिजे होते.
बाबा

आंगुलेम
९ एप्रिल २०१५

ती. बाबांना नमस्कार. वि. वि.

स्टुडिओ गेल्या महिन्यात बंद झाला. चित्रपटाची वाहवा झाली, पण तेवढ्यानं कर्ज फिटत नाही. यंत्रं विकली. गिरणीत आता राहायची घरं होणार आहेत. ओदिलबाई एकट्याच कपाटं रिकामी करत होत्या, म्हणून मी चार दिवस मदतीला गेले. तिथेच तुमचं आत्ताचं पत्र त्यांना फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी समोरचं कपाट लोटून बंद केलं. मग म्हणाल्या की तो दोष त्यांना दिसला नव्हता. सतरा जणांपैकी एकालाही दिसला नव्हता.

मला दिसला होता. पहिल्या दिवशी थिएटरात दिसला, आणि मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं कोणी नव्हतं.

राग गेलेला नाही, बाबा. गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्यात ते पुरेसं झालं आहे. पण दोष कुठे आहे ते तुम्ही अचूक सांगितलंत, आणि तो कोणाचा तेही.

यापुढे माझ्याबद्दल काही विचारायचं, मागायचं असलं तर दुसऱ्या कोणाला पत्र घालू नका. मला घाला. रविवारी फोन करीन. आईनं दिला तर घ्या.
नीलू